स्फोटक हवेतील विजेची उपकरणे

धाराशिव जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, खनिज तेलाची विहीर नाही आणि तेलशुद्धीकरणाचा कारखानाही नाही. त्यामुळे ‘स्फोटक वातावरणात वापरायची विद्युत उपकरणे आणि त्यांचे प्रमाणन’ हा विषय इथल्या शिक्षकांना लांबचा वाटेल. पण जिल्ह्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत आणि त्यांतील काहींना जोडून इथेनॉलचे प्रकल्प आहेत. कळंब तालुक्यातील चोराखळीच्या कारखान्याने २०२१ च्या करोना लाटेत आपल्या इथेनॉल प्रकल्पातच फेरबदल करून वैद्यकीय ऑक्सिजन तयार केला, तेव्हा राज्यभर त्याचे नाव झाले. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले, आणि त्यातले बरेचसे इथेनॉल अशाच ऊसपट्ट्यांतून येते. आपल्या वर्गातला एखादा मुलगा उद्या आयटीआय करून अशा प्रकल्पात वायरमन किंवा फिटर म्हणून लागतो. तिथे त्याला विजेच्या मोटरीवर जाड ओतीव पेटी दिसते, तिला एरवी लागतील त्यापेक्षा जास्त बोल्ट दिसतात आणि एक धातूची पट्टी दिसते. ती पेटी तशी का, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले असतेच असे नाही.

सुरुवात शाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यापासून करू. त्यातील स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉलच. इथेनॉलचा द्रव जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते, हे आपण शिकवतोच. मात्र हे मिश्रण कोणत्याही प्रमाणात पेटत नाही. हवेत इथेनॉलची वाफ आकारमानाने सुमारे ३.१ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इंधन अपुरे पडते. सुमारे १९ टक्क्यांच्या वर गेली तर ऑक्सिजन अपुरा पडतो. या दोन मर्यादांच्या मधले मिश्रण बंदिस्त जागेत पेटले तर स्फोट होतो.

आता एक छोटे गणित करू. ते मुलांकडूनही करून घेता येईल. २० अंश सेल्सिअसला इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे ५.९ किलोपास्कल असतो. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे हवेचा दाब १०१ ऐवजी ९४ किलोपास्कलच्या आसपास भरतो. ५.९ ला ९४ ने भागले की उत्तर येते सव्वासहा टक्के. म्हणजे अर्धवट भरलेल्या बंद टाकीत द्रवाच्या वरच्या पोकळीत सव्वासहा टक्के वाफ असेल, आणि हे प्रमाण स्फोटक पट्ट्याच्या आत आहे. ४० अंशांना बाष्पदाब १७.९ किलोपास्कल होतो आणि प्रमाण १९ टक्क्यांवर, म्हणजे वरच्या मर्यादेला, पोहोचते. १० अंशांना ते तीन-सव्वातीन टक्के, म्हणजे खालच्या मर्यादेजवळ येते. थोडक्यात, जिल्ह्यातील थंडीच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत जे तापमान असते, त्या जवळजवळ सगळ्या टप्प्यात इथेनॉलच्या टाकीतील पोकळी स्फोटक राहते.

पेट्रोलचे तसे नाही. ते इतक्या जोराने उडते, की नेहमीच्या तापमानाला बंद टाकीतली वाफ वरच्या मर्यादेच्या (सुमारे साडेसात टक्के) पुष्कळ वर जाते आणि आतले मिश्रण पेटण्यास अपात्र ठरते. टाकीच्या तोंडाशी, गळतीपाशी धोका असतोच, पण पोटात तो कमी. पेट्रोल हाताळण्याची सवय असलेल्या माणसाला इथेनॉल ‘सौम्य’ वाटते. टाकीच्या आतल्या भागापुरते पाहिले तर ते पेट्रोलहून अधिक अवघड आहे.

मिश्रण तयार आहे. आता पेटवायला किती ऊर्जा लागेल? इथेनॉलची वाफ काय किंवा मिथेन काय, सर्वांत अनुकूल प्रमाणात असताना पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जेची ठिणगी पुरते. एक ग्रॅमचे वजन अडीच सेंटिमीटर उचलायला जितके काम करावे लागते, तितकीच ही ऊर्जा. कोरड्या हवेत नायलॉनचे कपडे घालून वावरणाऱ्या माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्टचा स्थितिक विद्युतभार सहज साठतो, आणि त्याची ठिणगीही एवढी होऊ शकते.

विजेची उपकरणे तर ठिणग्यांचे कारखानेच. स्विच उघडताना, रिलेचे संपर्क सुटताना, मोटरीच्या ब्रशखाली, सैल झालेल्या टर्मिनलपाशी ठिणगी पडते. शाळेतली विजेची घंटा घ्या. तिच्या स्क्रूच्या टोकाशी निळसर ठिणगी पडताना आपण मुलांना दाखवतो. घंटेच्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व १०० मिलिहेन्री आणि धारा ०.१ अँपिअर धरली, तर संपर्क सुटताना वेटोळ्यात साठलेली ऊर्जा (½LI² या सूत्राने, एल म्हणजे प्रवर्तकत्व, आय म्हणजे धारा) अर्धा मिलिज्यूल येते. एवढी ऊर्जा मिथेन पेटवण्यास भरपूर झाली, आणि घंटा चालते ती बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टवर.

या हिशेबाची किंमत खाणकामगारांनी मोजली. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार मेले. एक बचाव कार्यकर्ताही दगावला. नेमके कारण शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही, पण खाणीत इशारे देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या घंटांच्या उघड्या तारांवरील ठिणगी हे एक संशयित कारण होते. त्या काळी कमी व्होल्टेजची बॅटरी निर्धोक समजली जाई. व्हीलर आणि थॉर्नटन या दोन संशोधकांनी प्रयोगांनी दाखवले, की केवळ व्होल्टेज पाहून भागत नाही. मंडलातील वेटोळी सुटताना किती ऊर्जा टाकतात ते पाहिले पाहिजे. तिथून एक विचार निघाला. मंडलच असे रचावे, की तार तुटली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी ठिणगीत पेटवण्याइतकी ऊर्जा येऊच नये. याला आज ‘अंगभूत सुरक्षित’ रचना म्हणतात. इथेनॉलच्या टाकीत पातळी मोजणारे जे उपकरण बसते, त्याच्या मंडलाला हाच उपाय शोभतो. त्याची परीक्षाही पाहण्यासारखी असते. स्फोटक वायूने भरलेल्या छोट्या कक्षात टंगस्टनच्या तारा कॅडमियमच्या फिरत्या चकतीवर घासत राहतात, दर घासण्याला मंडल जुळते आणि तुटते. ठरलेल्या फेऱ्यांमध्ये वायू एकदाही पेटला नाही तरच मंडल उत्तीर्ण.

पण पंप चालवणाऱ्या मोटरीला पाव मिलिज्यूलवर कसे भागवणार? तिथे दुसरा उपाय लागतो आणि त्याचे मूळ आणखी मागे, १८१५ सालच्या हंफ्री डेव्हीच्या दिव्यात आहे. हा प्रयोग वर्गात करता येतो. लोखंडी तारेची जाळी स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर आडवी धरा. ज्योत जाळीखालीच थांबते. वाफ जाळीतून वर जाते, पण धातू तिची उष्णता ओढून घेतो आणि ज्योत पलीकडे पोहोचत नाही. (जाळी लाल होईपर्यंत धरून ठेवू नये, मग ती ज्योत अडवत नाही. आणि जळत्या दिव्यात स्पिरिट ओतू नये, हे वर केलेल्या गणितावरून वेगळे सांगायला नको.)

मोटरीची जाड पेटी म्हणजे या जाळीचेच दुसरे रूप. कामगार तिला ‘फ्लेमप्रूफ’ किंवा ‘एफएलपी’ म्हणतात, मराठीत ज्वालारोधक म्हणू. अनेकांचा, चांगल्या शिकलेल्यांचाही, असा समज असतो की ही पेटी हवाबंद असते आणि वाफ आत शिरू देत नाही. प्रत्यक्षात ती हवाबंद नसते. मोटर तापते, निवते, श्वास घेतल्यासारखी हवा आतबाहेर करते, आणि वाफ आत जाणारच असे गृहीत धरलेले असते. आत ठिणगी पडून स्फोट होईल, हेही गृहीत धरलेले असते. पेटीने दोनच गोष्टी करायच्या. एक, आतला दाब, जो मूळ दाबाच्या सात-आठ पट होऊ शकतो, सोसून अखंड राहायचे. दुसरी, झाकण आणि अंग यांच्या मधल्या सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या सांध्यातून बाहेर पडणारे वायू इतके थंड करायचे, की बाहेरचे मिश्रण पेटू नये. सांधा रुंद आणि फट अरुंद ठेवली की हे साधते.

फट किती अरुंद हवी, हे वायूवर अवलंबून असते. प्रमाणित सांध्यातून ज्योत पलीकडे जाऊ न देणारी सर्वांत मोठी फट मिथेनसाठी सुमारे १.१ मिलिमीटर, इथेनॉलसाठी ०.८९, तर हायड्रोजनसाठी अवघी ०.२९ मिलिमीटर भरते. प्रत्यक्ष पेटीत याहून पुष्कळ कमी फट ठेवतात. या मोजमापांवरून वायूंचे गट पाडलेले आहेत. ०.९ मिलिमीटरहून जास्त ते टू-ए, ०.५ ते ०.९ पर्यंतचे टू-बी आणि त्याखालचे टू-सी. कोळसा खाणींतल्या वायूचा वन हा वेगळा गट आहे. इथेनॉल पाहा, ०.९ च्या सीमारेषेवर अगदी निसटते खाली आहे, म्हणून ते टू-बी मध्ये पडते. काही जुन्या तक्त्यांत ते टू-ए मध्ये दिसते. सीमेवरच्या पदार्थाला कडक गटात घालणे मला योग्य वाटते. मोटरीची किंमत थोडी वाढते एवढेच.

ठिणगी नसली तरी तापलेला पृष्ठभागही वाफ पेटवू शकतो. त्यासाठी उपकरणांचे तापमानवर्ग केलेले आहेत. टी१ उपकरणाचा पृष्ठभाग फार तर ४५० अंशांपर्यंत तापेल, टी२ चा ३००, टी३ चा २००, टी४ चा १३५, टी५ चा १०० आणि टी६ चा ८५ अंशांपर्यंत. इथेनॉलच्या वाफेचे स्वयंप्रज्वलन ३६० अंशांच्या वर होते, म्हणून तिथे टी२ किंवा त्याहून थंड वर्ग चालतो.

आता ती पट्टी वाचता येईल. तिच्यावर रोमन अक्षरांत असे काही कोरलेले असते: ‘ईएक्स डीबी, टू-बी, टी४, जीबी’. ‘ईएक्स’ म्हणजे स्फोटक वातावरणासाठी बनवलेले; ‘डी’ म्हणजे ज्वालारोधक पेटी (अंगभूत सुरक्षित असते तर तिथे ‘आय’ आला असता); मग वायूचा गट, मग तापमानवर्ग. शेवटचे अक्षर संरक्षणाची पातळी सांगते, आणि ती जागेशी जुळावी लागते. जिथे स्फोटक मिश्रण कायम किंवा दीर्घकाळ असते तो झोन ०, जिथे नेहमीच्या कामात अधूनमधून होते तो झोन १, आणि जिथे फक्त बिघाड झाला तर आणि थोडा वेळ होईल तो झोन २. आपल्या गणिताप्रमाणे टाकीचे पोट झोन ० ठरते. तिथे ‘जीए’ पातळीचे उपकरण हवे, ‘जीबी’ चालणार नाही. इथेनॉलची वाफ हवेच्या दीडपटीहून जड असल्याने ती खड्ड्यांत आणि केबलच्या चरांत साचते. म्हणून चर वाळूने भरून टाकतात. मळीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस करतात तिथे उलट परिस्थिती असते. मिथेन हलका, तो छताखाली साचतो. शिवाय त्यातील हायड्रोजन सल्फाइड तांब्याचे संपर्क काळे करते, ते खराब होतात आणि तापू लागतात.

ही पट्टी लावण्याचा अधिकार उत्पादकाला आपल्या मनाने मिळत नाही. भारतात यासाठी आधी भारतीय मानके पाळावी लागतात. पूर्वी ज्वालारोधक पेट्यांसाठी आयएस २१४८ हे मानक होते. आता आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळवून घेतलेली आयएस/आयईसी ६००७९ ही मालिका आहे, आणि तिच्यात संरक्षणाच्या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र भाग आहे. उत्पादक नमुना आणि आराखडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे देतो. धनबादची केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था ही त्यांतील जुनी आणि नामांकित प्रयोगशाळा. (१९५६ साली स्थापन झालेली खाण संशोधन संस्था आणि इंधन संशोधन संस्था २००७ मध्ये एकत्र करून तिला हे नाव मिळाले.) तिथे पेटीत मुद्दाम स्फोटक वायू भरून तो पेटवतात, दाब मोजतात, मग पेटीच्या बाहेरही स्फोटक मिश्रण ठेवून आत पुन्हा पुन्हा स्फोट करतात आणि बाहेरचे पेटते का ते बघतात. बाहेरचे एकदा जरी पेटले तरी नमुना नापास.

प्रयोगशाळेच्या अहवालानंतरचा टप्पा नागपूरला आहे. पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना, बोलीभाषेत ‘पेसो’, हिचे मुख्यालय तिथे आहे. २००२ च्या पेट्रोलियम नियमांनी धोक्याच्या क्षेत्रातील विद्युत उपकरणे या संघटनेच्या मुख्य नियंत्रकाने मान्य केलेल्या प्रकारचीच असावीत अशी अट घातली. इथेनॉलच्या साठ्यासाठीही कारखाने याच संघटनेचा परवाना घेतात. कोळसा खाणींचा कारभार वेगळा. तिथे धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय मान्यता देते. चंद्रपूर-यवतमाळच्या खाणींत बसणारी मोटर आणि चोराखळीच्या इथेनॉल प्रकल्पात बसणारी मोटर दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांची कागदपत्रे दोन निराळ्या कचेऱ्यांतून येतात.

इथवरचा सगळा खटाटोप एका नमुन्याचा झाला. प्रमाणपत्र सांगते ते इतकेच, की या आराखड्याप्रमाणे बनवलेली, अशी बसवलेली आणि अशीच ठेवलेली पेटी ज्योत बाहेर सोडणार नाही. मोटर धाराशिवला आल्यावर तिचे काय होते, हे नागपूरला दिसत नाही. आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच सुरू होते.

झाकणाला बारा बोल्ट आहेत. दुरुस्तीनंतर घाईत नऊच लावले, तर आतल्या दाबाने झाकण त्या ठिकाणी किंचित उचलले जाते आणि फट वाढते. पावसाळ्यात पाणी शिरू नये म्हणून एखादा कसबी, सद्‌भावनेचा मेकॅनिक सांध्यात रबराचे पॅकिंग घालतो. त्याने पेटी सुधारली असे त्याला वाटते, पण ज्योत थंड करणारा धातूला लागून असलेला धातूचा सांधाच त्याने नाहीसा केलेला असतो. सांध्याच्या तोंडावर रंग मारणे, गंज खरवडताना तिथे ओरखडे पाडणे, जादा केबलसाठी पेटीला नवे भोक पाडणे, दुहेरी सीलच्या ग्लँडऐवजी बाजारात मिळेल तो साधा ग्लँड लावणे, या सगळ्यांचा परिणाम तोच. मोटर जळाली की ती तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगला जाते आणि फिरू लागली की दुरुस्त झाली असे समजतात. फिरण्याच्या दृष्टीने ती दुरुस्त झालेली असते. ज्वालारोधक राहिली की नाही, हे सांध्यांची मापे घेतल्याखेरीज कळत नाही. ती घ्यायची असतात हे दुकानदाराला ठाऊक असण्याची शक्यता कमी, कारण सूचनांचे पुस्तक इंग्रजीत असते आणि बहुधा ते कारखान्याच्या कपाटात असते.

पट्टीवर नसलेल्या गोष्टीही वाचाव्या लागतात. सभोवतालच्या तापमानाची मर्यादा लिहिलेली नसेल, तर मानकानुसार उपकरण उणे २० ते अधिक ४० अंशांसाठी आहे असे समजायचे. धाराशिवला मे महिन्यात सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली, बॉयलरजवळ तर विचारायलाच नको. म्हणून खरेदी करतानाच ४५ किंवा ५० अंशांचा उल्लेख असलेले उपकरण मागावे लागते. तसेच सगळ्या चाचण्या २१ टक्के ऑक्सिजन असलेल्या साध्या हवेच्या हिशेबाने केलेल्या असतात. ऑक्सिजनचे प्रमाण वाढले की पेटवणारी ऊर्जा घटते, वरची मर्यादा पसरते आणि प्रमाणपत्राचा आधार राहत नाही. इथेनॉल आणि ऑक्सिजन एकाच आवारात हाताळायचे ठरले, तर दोन्हींमध्ये अंतर ठेवणे किती महत्त्वाचे, हे यावरून लक्षात येईल.

शिवाय उपकरणे कितीही उत्तम असली तरी ठिणगी बाहेरून आणली जाऊ शकते. १ ऑगस्ट २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील बेला येथे एका साखर कारखान्यात बायोगॅसच्या टाकीचा स्फोट होऊन पाच कामगारांचा मृत्यू झाला. तिथे वेल्डिंगचे काम चालले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या टाकीवर, ती वाफ काढून निर्धोक केल्याशिवाय, वेल्डिंग करू नये, हा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३७ व्या कलमातच घातलेला होता. साखरेची बारीक धूळही या यादीत येते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ जण मेले. धुळीच्या जागांसाठी झोन २०, २१ आणि २२ असे वेगळे वर्ग आहेत, आणि वायूसाठी मान्य झालेले उपकरण तिथे आपोआप चालत नाही.

मुलांना हे सारे डोळ्यांनी दाखवायचे तर इथेनॉल प्रकल्पात प्रवेश मिळणे अवघड. सोलापूर-धुळे महामार्गावरचा किंवा गावातला कोणताही पेट्रोल पंप मात्र चालेल. मालकाची परवानगी घेऊन, मोबाइल लांब ठेवून, पाच-सहा मुलांना पेट्रोल देणाऱ्या यंत्राच्या बाजूला न्यावे. यंत्राची मान्यतेची पट्टी त्यांनी शोधावी आणि गट व तापमानवर्ग वहीत उतरवून घ्यावेत. पंप जुना असेल तर पट्टीवर रंगाचे दोन-तीन थर बसलेले असतात. तसे असेल तर तेही वहीत लिहावे.